माणदेशीच्या बसमध्ये हिशेब शिकले, त्याला आठ महिने झाले

ब्लाउज शिवायला मला आधीपासून येत होते, त्यामुळे गावात माणदेशी फाउंडेशनची, म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या, खेड्यातल्या बायकांना उद्योग शिकवणाऱ्या संस्थेची बस आली तेव्हा मी जाणारच नव्हते. आत्याबाईच म्हणाल्या, "बघून तर ये, न्हाई पटलं तर उठून ये." बस म्हणजे चाकांवरचा वर्ग. घर, जनावरं, पाणी सोडून म्हसवडला जाणं जिला जमत नाही, तिच्या दारात शाळा येते.

तिथे पहिल्यांदा एका ब्लाउजचा खर्च कागदावर मांडला. अस्तराच्या ब्लाउजचे मी 200 रुपये घ्यायचे. अस्तर 60, दोरा-हुक-कॅनव्हास 15. राहिले 125. आणि वेळ? माप घेण्यापासून हुक लावेपर्यंत चार तास. दिवसाला दोन झाले तर 250 रुपये, वर डोळे आणि कंबर माझीच. आमच्याकडे खुरपायला गेलं तरी 300 मिळतात! सहा वर्षं मी स्वतःलाच मजुरीत फसवत होते.

दर 280 केला. दोन गिऱ्हाइकं रुसून गेली, त्यातली एक गौरी-गणपतीच्या तोंडावर परत आली. उधारीची वही घातली तेव्हा कळलं की गावात माझे 3,400 रुपये फिरतायत. त्यातले निम्मे अजून फिरतायतच, कारण वही घातली म्हणून जाऊबाई पैसे देत नाहीत.

हे सगळं बायकांना इतकं नेमकं कसं लागू पडतं, हा प्रश्न मला पडायचा. संस्थेची गोष्ट कळली तेव्हा उलगडा झाला. चेतना गाला सिन्हा मुंबईच्या, जयप्रकाश नारायणांच्या चळवळीतल्या. लग्न करून म्हसवडला आल्या. इथे रस्त्याकडेला वेल्डिंग करणाऱ्या कांताबाईंना पावसाळ्याआधी घरावर ताडपत्री टाकायची होती. त्यासाठी थोडे थोडे पैसे साठवायचे, एवढंच. कर्ज नको होतं, मदतही नको होती. पण इतक्या लहान रकमेचं खातं बँका उघडेनात. (तालुक्याच्या एका बँकेत मलाही "मिस्टरांना घेऊन या" ऐकावं लागलंय. त्यामुळे ही गोष्ट मला फार जुनी वाटत नाही.)

मग बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज परत पाठवला, कारण अर्जावर अंगठे होते. चेतनाताई रडत परतल्या, तर बायका म्हणाल्या, आम्ही शिकतो की! काही महिन्यांनी त्याच बायका मुंबईला रिझर्व्ह बँकेच्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आम्ही लहान असताना गावात शाळा नव्हती, त्यात आमचा काय दोष? आकडेमोड मात्र येते. कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आणि तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. फाउंडेशन वेगळं, बँक वेगळी. आमच्याकडे दोन्हीला सरसकट 'माणदेशी'च म्हणतात.

पुढचंही बहुतेक असंच घडत गेलेलं. बँकेत यायचं तर दिवसाची मजुरी बुडते, म्हणून बँक बायकांपर्यंत गेली. घरात पासबुक नको, नवरा शिल्लक बघतो, म्हणून कार्ड आलं. पिन नको, पिन कुणीही चोरेल, अंगठा कोण चोरणार, असं एक बाई म्हणाली, म्हणून अंगठ्यावर व्यवहार. ज्या अंगठ्यामुळे अर्ज परत आला होता तोच! 2006 मध्ये बायकांसाठी व्यवसायाची शाळा निघाली, मग ती बसमध्ये चढली. 2012 च्या दुष्काळात चाऱ्यासाठी दागिने गहाण पडायला लागले, तेव्हा म्हसवडला जनावरांची छावणी उभी राहिली. उद्योग शिकवणाऱ्या संस्थेचं छावणीशी काय काम, असं शहरातल्या माणसाला वाटेल. आमच्या माण तालुक्यात ज्याची जनावरं गेली त्याचं सगळंच गेलं.

शिलाई शिकायची म्हणून कुणी विचारत असेल तर माझं मत असं: कटिंग यूट्यूबवरही सापडतं. बसमध्ये जायचं ते वहीसाठी. आणि वही रोज लिहायची असेल तरच. मी मध्ये महिनाभर आळस केला तेव्हा दोरे-बटणांचे पैसे कुठे गेले ते आजतागायत सापडलेलं नाही.

पिको-फॉलच्या मशीनची किंमत विचारून आलेय. लग्नसराईच्या आत घ्यायचंय. हप्ता किती बसेल ते काढून ठेवलंय, फक्त आधी जाऊबाईंची उधारी येऊ दे.