मृगापासून होळीपर्यंत सरकारी मेसेज: वापरानंतरचा अनुभव

गेल्या मृगापासून यंदाच्या होळीपर्यंत सरकारकडून फोनवर आलेला एकही मेसेज मी न वाचता पुसला नाही. एसएमएस, व्हॉट्सॲप, ॲपच्या सूचना, रेकॉर्ड केलेले फोन, सगळं. राहायला नाशिकला, सासर सिन्नर तालुक्यात, घरात बारावी झालेली मुलगी आणि दिवसभर स्कूटरवर असलेले दीर. त्यामुळे हवामान, दाखले, पीक, गाडीच्या दंडाचं चलन या सगळ्यांशी संबंध येतो. दिवाळीनंतर सोसायटीतल्या बायकाही 'हा खरा आहे का बघ गं' म्हणत फोन पुढे करायला लागल्या, म्हणजे नमुन्यांना तोटा नव्हता. फोन मधल्या किमतीचा अँड्रॉइड, भाषा मराठी ठेवलेली.

घाईत असाल तर निकाल आधीच सांगते. आपत्तीचे इशारे खरोखर सुधारलेत. अर्जांचे मेसेज अजूनही वाईटच आहेत. आणि सगळ्यात समजेल असा मेसेज ठग पाठवतात.

इशाऱ्यांपासून सुरुवात करते, कारण तिथे कौतुक करायला जागा आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' ॲप घेतलं, फोनचं लोकेशन चालू ठेवलं. शिवाय फोनमध्ये सेल ब्रॉडकास्टची सोय असते, ती सेटिंगमध्ये बंद नाही ना हे पाहून घेतलं. 2023 च्या जुलैत चाचणी म्हणून राज्यात फोन एकदम कर्कश वाजले होते आणि लोक घाबरले होते, ती हीच सोय. एसएमएस एकेका नंबरला जातो. लाखो लोकांना पाठवायचा तर रांग लागते आणि नेमका पुराच्या वेळी अडकतो. सेल ब्रॉडकास्टला तुमचा नंबर लागतच नाही. टॉवर आपल्या टापूतल्या सगळ्या फोनांना एकदम ऐकवतो, अगदी दवंडीसारखं. दुसऱ्या गावाहून आलेला पाहुणा असला तरी त्याचाही फोन वाजणार.

अडचण मजकुरात आहे. पावसाळाभर आमच्याकडे 'नाशिक जिल्हा' असा उल्लेख असलेले इशारे येत राहिले. आता नाशिक जिल्हा म्हणजे काय? इगतपुरी आणि त्र्यंबक धो धो पावसाचे, तर सिन्नरचा पूर्व भाग आणि येवला आभाळाकडे डोळे लावून बसलेले. हवामान खातं घाटमाथ्याचा अंदाज हल्ली वेगळा देतं, पण मेसेजमध्ये येईपर्यंत बऱ्याचदा त्याचा पुन्हा 'जिल्हा' झालेला असतो. सासूबाईंनी जुलैतच जाहीर केलं, 'तुझ्या त्या फोनचा पाऊस आमच्याकडं येत नाही.' दोन-चार वेळा कोरडा गेलेला इशारा पाचव्यांदा कोण वाचणार?

रंगांचंही तेच. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे आता हालचाल करा. हे मला माहीत झालं ते शोधून वाचल्यावर. चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे 'मुसळधार' आणि 204.4 च्या वर गेला की 'अत्यंत मुसळधार', हे आकडे तर कुठल्याच मेसेजमध्ये दिसत नाहीत. आकडा नको, मान्य. पण 'ओढ्यावरचा पूल ओलांडू नका' इतकं तरी हवं. काही मेसेजमध्ये ते असतं आणि तेवढेच लोक एकमेकांना पुढे पाठवतात, हे मी आमच्या भावकीच्या ग्रुपवर पाहिलंय.

'दामिनी' मात्र घ्याच. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने बनवलेलं विजेचं ॲप. तुमच्याभोवती 20 आणि 40 किलोमीटरची वर्तुळं दाखवतं आणि वीज कुठे पडतेय ते सांगतं. परतीच्या पावसात सोयाबीनची काढणी चालू होती. दुपारी वर्तुळात ठिपके उमटायला लागले तसा मी इथून जाऊबाईंना फोन लावला. बायका बाभळीखाली डबे सोडून बसल्या होत्या. त्या उठून वस्तीवरच्या पक्क्या खोलीत गेल्या. वीज त्या बाभळीवर पडली वगैरे काही झालं नाही, कुठेतरी लांब कडाडली. पण झाडाखाली थांबू नका, हे त्या ॲपमध्ये मराठीत लिहिलेलं त्यांनी स्वतः वाचलं आणि पुढच्या वेळी फोनची वाट पाहिली नाही. ॲप दिसायला गबाळं आहे, बॅटरी खातं, तरी पाचपैकी साडेचार.

आता अर्ज. मुलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला काढायचा होता. ऑनलाइन अर्ज केला, पैसे भरले, क्रमांक आला. इथवर उत्तम. मग काही दिवसांनी मेसेज: अर्जात त्रुटी आहे, पूर्तता करावी. कसली त्रुटी? कोणाकडे पूर्तता? कधीपर्यंत? काही नाही. पोर्टलवर जाऊन पाहिलं तर तिथेही तोच शब्द, फक्त लाल रंगात. शेवटी कार्यालयात गेले. खिडकीवरच्या मुलाने स्क्रीनकडे पाहून दहा सेकंदांत सांगितलं, 'ताई, तलाठ्याचा अहवाल जोडलेला नाही.' म्हणजे कारण त्यांच्या स्क्रीनवर होतं. माझ्या फोनवर नव्हतं.

ही किरकोळ गैरसोय नाही. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा 2015 चा. त्यात सेवा ठरलेल्या मुदतीत द्यायची, नाकारली तर कारण लेखी कळवायचं आणि अपील कुणाकडे करायचं तेही सांगायचं, असं स्पष्ट आहे. कसूर झाली तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड. कायदा चांगला आहे. पण 'त्रुटी' म्हणजे मंजुरी नाही आणि नकारही नाही. मुदत मोजायची ती अर्ज पूर्ण झाल्यापासून. त्यामुळे त्रुटीचा शेरा पडला की घड्याळ थांबतं, आणि ते का थांबलं हे अर्जदाराला कळत नाही. दाखला शेवटी मिळाला, वेळेत मिळाला, पण तो माझ्या चपला झिजल्यामुळे, मेसेजमुळे नाही.

मेसेज असे का असतात याचा मी जरा शोध घेतला, आणि इथे दोष सगळा साहेबांचा नाही हे कबूल करावं लागेल. पहिली गोष्ट, इंग्रजी एसएमएसमध्ये 160 अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त 70. त्यातही काना, मात्रा, हलन्त हे प्रत्येक वेगळं मोजलं जातं. 'त्रुटीपूर्तता' हा एक शब्द 13 जागा खातो. सत्तरच्या पुढे गेलात की दोन मेसेजचे पैसे, मग तीन. दुसरी गोष्ट, ट्राय या दूरसंचार नियामकाच्या 2018 च्या नियमांमुळे कार्यालयाने मेसेजचा मजकूर आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो आणि नंतर फक्त मोकळ्या जागा भरायच्या. प्रत्येक त्रुटीसाठी वेगळा मजकूर नोंदवायचा कंटाळा, म्हणून सगळ्यांना मिळून एकच गुळगुळीत वाक्य नोंदवत असावेत, असा माझा अंदाज.

पण सत्तर अक्षरं कमी नाहीत. मी बसून लिहून पाहिलं:

'उत्पन्न दाखला: तलाठी अहवाल जोडा. 12 ऑगस्टपर्यंत. सेतू केंद्रात या.'

मोजून 66. काय जोडायचं, कधीपर्यंत, कुठे, सगळं आलं. अर्ज क्रमांक दुसऱ्या मेसेजात जाऊ दे. तो मला पाठ नाही, पण पावतीवर आहे. 'सदर प्रकरणी', 'उपरोक्त विषयान्वये', 'कृपया नोंद घ्यावी' हे काढलं की जागाच जागा.

आणि हे सरकारला जमत नाही असंही नाही. 2021 मध्ये लसीचा मेसेज आठवतोय? कोविनचा. नाव, कुठली मात्रा, कधीची वेळ. सुरुवातीला सगळं इंग्रजीत होतं, जूनमध्ये पोर्टलवर मराठीही आली. त्या मेसेजवर कुणाला शंका आली नाही, कारण त्यात तुमचं नाव आणि तुमची तारीख होती. तो फोन दाखवला की केंद्रावर आत सोडत. देशभर एवढ्या लोकांना असे मेसेज गेले, तेव्हा एका तालुक्याच्या दाखल्यांना काय अडचण असावी?

आता ठगांबद्दल. दिरांना हिवाळ्यात व्हॉट्सॲपवर चलनाचा मेसेज आला. गाडीचा नंबर बरोबर, रक्कम दिलेली, शेवटची तारीख दिलेली आणि खाली 'फोटो पाहण्यासाठी' म्हणून एक एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल. ती उघडली असती तर फोनचा ताबा, मेसेज, ओटीपी सगळं गेलं असतं. थांबले ते केवळ फाइलचा आकार मोठा होता आणि नेट मंद होतं म्हणून, हे त्यांनीच हसत सांगितलं. तोच मेसेज मी दाखल्याच्या मेसेजशेजारी ठेवून पाहिला. नाव-गाव, काय झालं, किती, कधीपर्यंत, पुढे काय करायचं: ठगाच्या मेसेजात सगळं होतं. सरकारच्या मेसेजात यातलं एक होतं. खोट्या मेसेजवर लोक विश्वास ठेवतात म्हणून आपण त्यांना भोळे म्हणतो, पण अर्धवट, गूढ मेसेज म्हणजेच सरकार, अशी सवय त्यांना कुणी लावली? त्यात ज्याने नीट सांगितलं त्याचं ऐकलं, एवढंच.

खरा मेसेज ओळखायची एक सोय 2025 पासून झालीय, ती फार लोकांना ठाऊक नाही. पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आडवी रेघ आणि एक इंग्रजी अक्षर असतं. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार आणि जी म्हणजे सरकार. साध्या दहा आकडी नंबरवरून 'सरकारी' मेसेज आला तर तो सरकारी नाही, समजून चाला. 2024 च्या ऑक्टोबरपासून एसएमएसमधल्या लिंकही आधी नोंदवलेल्याच असाव्या लागतात. हे सगळं चांगलं आहे, पण ते अक्षर रोमन लिपीत, बारीक, आणि सासूबाईंना इंग्रजी जी आणि सी यांत फरक दिसत नाही. सोसायटीतल्या शिकलेल्या बायकांनाही मी दाखवल्यावरच ते कळलं. शिवाय ही खूण फक्त एसएमएसला. ठगांचा मोठा धंदा व्हॉट्सॲपवर चालतो, तिथे हिचा उपयोग शून्य.

व्हॉट्सॲपवर सरकारने यावं का, याबद्दल माझं मत वर्षभरात डळमळलंय. आंध्र प्रदेशाने जानेवारी 2025 मध्ये 'मन मित्र' सुरू केलं, एकाच नंबरवर 161 सेवांपासून सुरुवात. लोक जिथे आहेत तिथे जायचं, हे पटतं. पण 2024 च्या मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागल्यावरही केंद्र सरकारचे 'विकसित भारत'चे मेसेज लोकांच्या व्हॉट्सॲपवर येत राहिले आणि निवडणूक आयोगाला ते थांबवायला सांगावं लागलं. ज्या दाराने दाखला येणार त्याच दाराने प्रचारही येणार असेल, तर लोक ते दार वाजलं तरी उघडणार नाहीत. सणावाराच्या शुभेच्छा आणि रेकॉर्ड केलेल्या आवाजातली भाषणं मला अगदी मुहूर्तावर पोहोचली. त्रुटीचं कारण तेवढं राहून गेलं.

पिकाच्या नोंदणीबद्दल थोडक्यात. शेतात उभं राहून फोटो काढायचा, मग नोंद होते, हे सासूबाईंना जाऊबाईंच्या मदतीने जमलं. मुदत वाढल्याचं कळलं ते गावच्या ग्रुपवरच्या बातमीच्या कात्रणातून, थेट मेसेज आलाच नाही. मुदत संपत आल्याचे मेसेज मात्र आले होते, आणि त्या धास्तीने शेजारच्या एकाने मजूर सोडून आधी फोटो काढले.

कागदपत्रं फोनवर ठेवायचं सरकारी डिजीलॉकर बिनबोभाट चाललं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. हेही कौतुकच समजा.

आजची मांडणी अशी आहे. सचेत आणि दामिनी दोन्ही चालू, आवाजासकट. सेल ब्रॉडकास्ट चालू. रेकॉर्ड केलेले फोन उचलायचे बंद केले. शेवटी 'जी' असलेले एसएमएस वेगळे लावून ठेवते आणि महिनाअखेरीस पाहते, पण अर्ज चालू असेल तर मेसेजवर विसंबत नाही, आठवड्यातून एकदा पोर्टलवर क्रमांक टाकते. एपीके आलेला प्रत्येक नंबर दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी'वर, 'चक्षू' या तक्रारीच्या सोयीत कळवते. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930, आणि तेही लगेच, दुसऱ्या दिवशी नाही. दिरांच्या फोनवर अनोळखी फाइली आपोआप उतरायचं बंद करून दिलंय. त्यांना ते अजून कळलेलं नाही.