इसबगोलाची भुशी: चांगली आहे, पण पाणी तुमचं तुम्ही प्यायचं

इसबगोलाला मी पाचापैकी चार गुण देते. कापलेला एक गुण भुशीचा नाही, डब्यावरच्या जाहिरातीचा. ‘रात्री घ्या, सकाळी पोट साफ’ असं वाचून माणूस झोपताना एक चमचा घेतो. सकाळी काही घडत नाही, की डबा फडताळात मागे सरकतो आणि ‘मला नाही बाई इसबगोल लागू पडत’ असा निकाल लागतो. अहो, या भुशीचा परिणाम दिसायला बारा तासांपासून तीन दिवसांपर्यंत वेळ लागतो. ती जुलाबाची गोळी नाही. जुलाबाची अपेक्षा ठेवून घेतली तर निराशाच पदरी पडणार.

मी नोकरीभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे कुठलीही पूड घरात आली की आधी ती पाण्यात टाकून बघायची सवय. तुम्हीही बघा. अर्धा कप पाण्यात एक मोठा चमचा भुशी टाका आणि दहा-पंधरा मिनिटं तिच्याकडे पाहू नका. परत याल तेव्हा पाणी असं उरलेलंच नसतं. चमचा फिरवायला जोर लागतो. पोटात नेमकं हेच व्हायला हवं असतं. आपल्या आतड्याला ही भुशी पचत नाही, आणि मोठ्या आतड्यातले जिवाणूही तिला फारसं आंबवू शकत नाहीत. म्हणून तिचा चिकट गोळा, धरलेल्या पाण्यासकट, शेवटपर्यंत टिकतो आणि मळ मऊ राहतो. हीच भुशी पातळ शौचालाही देतात, त्याचं कारणही हेच: जास्तीचं पाणी ती स्वतःत धरून ठेवते.

आता यातली मेख. ती पाणी धरते, बनवत नाही. पाणी आपण द्यायचं. प्रत्येक वेळी किमान 240 मिलिलिटर, म्हणजे मोठा ग्लास भरून, आणि ढवळल्याबरोबर प्यायचं. ढवळून ठेवून फोन घ्यायला गेलात तर परतल्यावर ते प्यायचं नाही, चमच्याने खायचं होतं! कोरडी भुशी तोंडात टाकून वरून घोटभर पाणी पिणारे लोक मी पाहिलेत. असं अजिबात करू नका. घशात किंवा अन्ननलिकेत फुगून ती अडकू शकते. गिळायला त्रास असलेल्यांनी तर तिच्या वाटेला जाऊच नये. आणि झोपायच्या अगदी आधी घेऊन लगेच आडवं होण्यापेक्षा दिवसा घेतलेली बरी.

प्रमाणाबद्दल डबे जो गोंधळ घालतात तो वेगळाच. ‘एक ते दोन चमचे’ म्हणजे कुठले चमचे? मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून पाहिलं. चहाचा सपाट चमचा दोन ग्रॅमच्या आतबाहेर भरतो, कारण भुशी फार हलकी असते. बद्धकोष्ठतेसाठी दिवसाला साधारण 5 ते 10 ग्रॅम घेतात. म्हणजे एक चिमुकला चमचा घेऊन कुरकुरणाऱ्यांनी औषध घेतलेलंच नसतं. पण म्हणून पहिल्याच दिवशी दहा ग्रॅमवर उडी मारू नका. पोट डब्ब होईल, वारा सरेल, आणि दोष पुन्हा भुशीला. एका छोट्या चमच्याने सुरुवात करा, दर काही दिवसांनी वाढवा.

बाजारात चार रूपं मिळतात. साधी भुशी मला सगळ्यांत आवडते: चव नाही, रंग नाही, आत दुसरं काही नाही. दळलेली पूड घशाखाली नीट उतरते, पण इतकी झटकन घट्ट होते की ढवळताढवळता प्यावी लागते. संत्र्याच्या स्वादाच्या पुड्या प्यायला सोप्या. मात्र त्यांत काहींमध्ये साखर असते आणि काहींमध्ये कृत्रिम गोडवा, तेव्हा मधुमेह असेल तर मागची बाजू वाचल्याशिवाय घेऊ नका. आणि कॅप्सूल? एका कॅप्सूलमध्ये जेमतेम अर्धा ग्रॅम मावतो. पाच ग्रॅमसाठी दहा गिळायच्या! प्रवासात ठीक, रोजच्यासाठी चेष्टा.

मागची बाजू वाचायला सांगते त्याचं आणखी एक कारण आहे. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक चूर्णांत सोनामुखी असते. सोनामुखी वनस्पतीच आहे, खोटं काही नाही. पण ती भुशीसारखी निमूटपणे पाणी धरत नाही, आतड्याला ढोसते. सहा ते बारा तासांत काम होतं, पोटात मुरडा येतो, आणि सकाळी ‘वा, काय गुण आला’ असं वाटतं. अडल्यानडल्याला ती घ्यायला माझी हरकत नाही. वर्षानुवर्षं रोज रात्री, डॉक्टरांना न विचारता घेत राहण्याला आहे. दीर्घकाळ घेतली की मोठ्या आतड्याचं अस्तर काळपट पडतं. ते फारसं घातक नसतं आणि औषध थांबवल्यावर हळूहळू पूर्ववतही होतं, पण आपण रोज काय गिळतोय हे माणसाला ठाऊक असावं.

तुलना करायचीच तर फळांशी करा. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, प्रून म्हणजे सुकवलेले आलुबुखार आणि इसबगोल यांतून सारखाच तंतू, म्हणजे फायबर, मिळेल असं प्रमाण ठरवून दिलं होतं: प्रून दिवसाला 100 ग्रॅम. प्रून सरस ठरले. कारण त्यांच्यात तंतूबरोबर सॉर्बिटॉल असतं आणि ते आतड्यात पाणी ओढून आणतं. रोज दोन हिरवी किवी खाण्याचाही असाच अभ्यास झाला आहे. 2021 च्या चाचणीत किवी, प्रून आणि इसबगोल तिघांनीही फायदा झाला, पण किवीवर नाराज होणारे सर्वांत कमी निघाले. मग मी इसबगोल का ठेवते? कारण 100 ग्रॅम प्रून म्हणजे भरपूर साखर, तीही रोज. भुशीत ती भानगड नाही. शिवाय इसबगोलाने वाईट कोलेस्टेरॉल थोडं खाली येतं, हा फुकटचा फायदा.

पण डब्यात नुसता तंतू असतो, सवय नसते. प्रौढ माणसाने दिवसाला किमान 25 ग्रॅम तंतू खावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो डाळी-कडधान्यं, भाज्या, सालासकट फळं आणि न चाळलेल्या पिठातून यायला हवा. भुशी ही वरची भर. जेवल्यावर मोठं आतडं जागं होतं, सकाळच्या न्याहारीनंतर तर विशेषच. ती कळ आली की ‘जरा एवढं आवरून जाते’ म्हणणं हा माझ्या मते बद्धकोष्ठतेचा अर्धा कारखाना आहे. शिक्षकांना हे वेगळं सांगायला नको. तास चालू असताना कोण उठतं? दाबून धरलेला मळ आतच राहतो, त्यातलं पाणी शोषलं जात राहतं, आणि मग खडा होतो. कमोडवर बसणाऱ्यांनी पायाखाली बुटकं स्टूल घेऊन पाहावं. गुडघे वर आले की गुदमार्गाशी असलेला स्नायूचा फास सैलावतो, वाट सरळ होते, कुंथावं कमी लागतं. माझ्याकडून स्टूलला पाचापैकी पाच.

आणि रोज झालंच पाहिजे हा हट्ट सोडा. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, एवढा पल्ला निरोगी माणसांत दिसतो. किती वेळा झालं यापेक्षा कसं झालं ते बघा. ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी 1997 साली मांडलेली सात प्रकारांची पट्टी यासाठी झकास आहे: 1 म्हणजे सुट्या कडक लेंड्या, 7 म्हणजे निव्वळ पाणी, आणि 3-4 आलं की समजा गाडी रुळावर. आमच्या घरी आता ‘आज किती?’ एवढंच विचारतात. पाहुण्यांना वाटतं क्रिकेटचा स्कोअर.

इसबगोल कुठे उपयोगाचं नाही, तेही सांगायला हवं. माझ्या बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिला अफूवर्गातली वेदनाशामकं चालू होती. या औषधांनी आतड्याची हालचालच मंदावते. अशा वेळी भुशी आत जाऊन नुसती साठते आणि पोट आणखी तुंबतं. तिच्या डॉक्टरांनी भुशी स्पष्ट नको म्हणून सांगितलं आणि वेगळं रेचक दिलं. आधीच मळ घट्ट अडकून बसला असेल किंवा आतड्यात अडथळा असेल तरीही भुशी नको. काही जणांचे ओटीपोटाच्या तळाचे, गुदमार्गाभोवतीचे स्नायू जोर करताना सैल पडण्याऐवजी आवळतात. तिथे कितीही तंतू ओता, दरवाजाच बंद. त्यावर बायोफीडबॅक नावाची स्नायूंची तालीम असते.

इतर गोळ्या आणि इसबगोल यांच्यात साधारण दोन तास अंतर ठेवा, नाहीतर गोळीचं शोषण कमी होऊ शकतं. आमचे हे सकाळच्या गोळ्या उठल्याउठल्या घेतात आणि भुशी न्याहारीनंतर सावकाश. गंमत म्हणजे कधीकधी त्या गोळ्याच मूळ कारण असतात: लोहाच्या, रक्तदाबाच्या काही, नैराश्यावरच्या काही, ॲल्युमिनियम असलेली अँटासिडं. थायरॉइड कमी पडल्यानेही मलावरोध होतो. आणि शौचातून रक्त, कारण नसताना घटणारं वजन, अशक्तपणासह उतरलेलं हिमोग्लोबिन, किंवा पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर अचानक बदललेली शौचाची तऱ्हा, यांतलं काहीही दिसलं तर डबा बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा.

डबा घेताना फक्त झाकण घट्ट बसतं ना ते बघा. दमट हवेत भुशी डब्यातच पाणी प्यायला लागते आणि तिचे गोळे होतात. ओला चमचा आत घालणाऱ्याला आमच्याकडे दुसरा डबा भरून द्यावा लागतो.