एसएक्स१२६२: साधा क्रिस्टल की टीसीएक्सओ? उन्हाळा-पावसाळा काढल्यावरचा अनुभव

एप्रिलच्या उन्हापासून डिसेंबरच्या थंडीपर्यंत दोन्ही जातींची रेडिओ मॉड्यूलं उघड्यावरच्या डब्यांत चालू होती. चिप एकच, लोरा या लांब पल्ल्याच्या, कमी विजेच्या रेडिओसाठीची सेमटेकची एसएक्स१२६२. एका जातीला ३२ मेगाहर्ट्झचा साधा क्रिस्टल, दुसरीला टीसीएक्सओ, म्हणजे तापमानाचा फरक स्वतःच भरून काढणारा ऑसिलेटर. बँड आपला परवानामुक्त ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ. निकाल आधीच सांगतो: क्रिस्टलवालं स्वस्त मॉड्यूल वाईट नाही, पण त्याचा दोष बहुतेक जण भलत्याच ठिकाणी शोधतात.

सगळ्यांचं लक्ष पीपीएमच्या (दहा लाखांत किती चूक) आकड्यावर असतं. ८६६ मेगाहर्ट्झला १ पीपीएम म्हणजे ८६६ हर्ट्झ. १२५ किलोहर्ट्झ बँडविड्थवर लोराचा रिसीव्हर बँडविड्थच्या पावपट, म्हणजे सुमारे ३१ किलोहर्ट्झ इकडचातिकडचा फरक पचवतो. हे झाले ३६ पीपीएम, दोन्ही टोकांचे मिळून. ±१० पीपीएमचा क्रिस्टल त्यात आरामात बसतो. ६२.५ किलोहर्ट्झवर उतरलात तर मर्यादा १८ वर येते आणि मग ओढाताण सुरू होते. तरीही कायमची चूक सॉफ्टवेअरने काढता येते, कारण पीएलएलची (चिपमधल्या फ्रिक्वेन्सी घडवणाऱ्या सर्किटची) पायरी ३२ मेगाहर्ट्झ भागिले २ चा २५वा घात, म्हणजे जेमतेम ०.९५ हर्ट्झ आहे.

खरा त्रास पॅकेट चालू असताना फ्रिक्वेन्सी सरकण्याचा. एका पॅकेटमध्ये सरकण्याची मर्यादा म्हणजे बँडविड्थ भागिले (३ गुणिले २ चा एसएफ-घात). एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर: आकडा मोठा तितकं पॅकेट संथ आणि लांब पल्ल्याचं. एसएफ१२ आणि १२५ किलोहर्ट्झला ती फक्त १० हर्ट्झ येते. लो डेटा रेट ऑप्टिमाइझ (संथ पॅकेटांसाठीची चिपची सेटिंग) चालू केलं की १६ पट होते, म्हणजे १६३ हर्ट्झ. आता उष्णता पाहा. २२ डीबीएम ट्रान्समिट पॉवरला चिप ३.३ व्होल्टवर सुमारे ११८ मिलिअँपिअर ओढते, म्हणजे ३९० मिलिवॅट. त्यातले १५८ अँटेनाकडे जातात, उरलेले सुमारे २३० मिलिवॅट ४ बाय ४ मिलिमीटरच्या चिपमध्ये उष्णता होऊन शेजारच्या क्रिस्टलकडे पसरतात. एटी-कट (नेहमीच्या कापाचा) क्रिस्टल अंशाला ०.२ पीपीएम सरकला तरी एका अंशाला १७३ हर्ट्झ झाले. मर्यादा संपली. २० बाइटचं एसएफ१२ पॅकेट १.३ सेकंद चालतं, ५१ बाइटचं जवळजवळ अडीच. तेवढ्यात एक अंश सहज चढतो.

लक्षण ओळखायला सोपं आहे: आरएसएसआय (सिग्नलची ताकद) उत्तम, छोटी पॅकेटं येतात, लांब पॅकेटांचं हेडर वाचलं जातं आणि सीआरसी (पॅकेटमधली चूक पकडणारी तपासणी) फसतं. यावर लोक अँटेना बदलत बसतात. आणखी एक गंमत म्हणजे डबा भर दुपारी तापला की पॅकेटं कधीकधी सुधारतात! तेव्हा क्रिस्टल आपल्या तापमान-फ्रिक्वेन्सी वक्राच्या तळाजवळ असतो, तिथे उतार जवळजवळ सपाट असतो. गेटवे (नोडची पॅकेटं घेणारं केंद्र) एसएक्स१३०२ चिपवर असेल तर त्याच्या पॅकेट फॉरवर्डर प्रोग्रॅमच्या ‘एफऑफ’ (फ्रिक्वेन्सीतला फरक) आकड्याचा आलेख काढा. क्रिस्टलवाल्या नोडची रेष दिवसभरात काही किलोहर्ट्झ वरखाली होते, टीसीएक्सओवाल्याची जवळजवळ सरळ जाते. पण पॅकेटच्या पोटातलं सरकणं त्या आलेखात दिसत नाही, हे विसरू नका.

स्वतःचा बोर्ड काढणार असाल तर क्रिस्टलभोवतीचं तांबं सगळ्या थरांतून काढा, जमल्यास चिप आणि क्रिस्टलच्या मध्ये खाच कापून घ्या, जोडणाऱ्या ट्रॅक बारीक ठेवा. चिपखालच्या पॅडला मात्र भरपूर व्हाया (थरांना जोडणारी तांब्याची भोकं) द्या, म्हणजे उष्णता दुसऱ्या बाजूला निघून जाईल. डीसी-डीसीचं १५ मायक्रोहेन्रीचं कॉइल क्रिस्टलला चिकटवू नका. तयार मॉड्यूल असेल तर हातात उरतात सेटिंग्ज: पॉवर १४ डीबीएमवर आणा, पॅकेट तोडून दोन करा. गेटवे नसलेल्या थेट लिंकवर एसएफ१० ला ऑप्टिमाइझ दोन्ही टोकांना मुद्दाम चालू करा. तो बंद असताना तिथे फक्त ४१ हर्ट्झची मुभा असते, म्हणजे ऑप्टिमाइझ चालू असलेल्या एसएफ१२ च्या १६३ पेक्षाही कमी. लोरावॅनमध्ये (गेटवेवाल्या, ठरीव नियमांच्या नेटवर्कमध्ये) हे चालणार नाही.

ट्रिमिंगमध्ये, म्हणजे कपॅसिटरने क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी जुळवताना, एक खाचखळगा आहे. चिपच्या आतच कपॅसिटर आहेत: रजिस्टर हेक्स ०९११ आणि ०९१२, ११.३ ते ३३.४ पिकोफॅरड, पायरी ०.४७. पण चिप स्टँडबाय-एक्सओएससीमध्ये (क्रिस्टल चालू ठेवून थांबण्याच्या मोडमध्ये) शिरली की दोन्ही रजिस्टरांत स्वतःच हेक्स १२ लिहिते. म्हणून आधी त्या मोडमध्ये जा, मग किंमत लिहा. उलट केलं तर लिहिलेलं पुसलं जातं आणि ट्रिमचा काही परिणामच होत नाही असं वाटतं. १० पिकोफॅरड लोडच्या छोट्या क्रिस्टलला दोन्ही बाजूंची एकेक पायरी सुमारे २.५ पीपीएम, म्हणजे २ किलोहर्ट्झच्या आसपास हलवते. एवढ्यावर थांबा, बाकीचं पीएलएलच्या फ्रिक्वेन्सीच्या आकड्यात भरा. मोजताना कमांड हेक्स डी१ ने सलग कॅरिअर सोडा, ३० डीबी अॅटेन्युएटरमधून एसडीआरला (कॉम्प्युटरला जोडायच्या रेडिओ रिसीव्हरला) द्या आणि एसडीआर आधी ९०० मेगाहर्ट्झच्या जीएसएम टॉवरवर जुळवून घ्या. सोल्डरिंगनंतर एक दिवस बोर्ड तसाच ठेवा, क्रिस्टल तेवढ्यात स्थिरावतो.

पावसाळ्यात वेगळंच दुखणं. क्रिस्टलच्या पॅडांवर फ्लक्स राहिला असेल तर ओल धरते, स्ट्रे कपॅसिटन्स वाढतो आणि ०.२ पिकोफॅरडलाच २ पीपीएम जातात. आयसोप्रोपिलने धुवा, वाळवा, कॉन्फॉर्मल कोट (ओल रोखणारा पातळ थर) द्या. कोट स्वतःही थोडा कपॅसिटन्स वाढवतो, म्हणून ट्रिम कोटनंतरच.

टीसीएक्सओ घेतलं की हे सगळं संपतं असं नाही. त्याला वीज चिपची डीआयओ३ पिन देते. व्होल्टेज आणि थांबण्याचा वेळ कमांड हेक्स ९७ ने सांगावा लागतो. वेळेची पायरी १५.६२५ मायक्रोसेकंद, ५ मिलिसेकंदांना ३२० लिहा. त्यानंतर जुन्या चुका पुसून हेक्स ८९ ने पूर्ण कॅलिब्रेशन करा, कारण चालू होताना चिपने क्रिस्टल समजून केलेलं कॅलिब्रेशन फसलेलं असतं. मागितलेल्या व्होल्टेजपेक्षा पुरवठा किमान २०० मिलिव्होल्ट जास्त हवा. इथेच लिथियम थायोनिल क्लोराइडचा सेल दगा देतो: दिवसेंदिवस झोपलेल्या सेलवर आतून थर जमतो, २२ डीबीएमचा झटका बसला की व्होल्टेज कोसळतं, १.८ व्होल्टच्या टीसीएक्सओचा पुरवठाही डळमळतो आणि पहिलं पॅकेट वाया जातं. दुसरं नीट जातं, त्यामुळे संशय फर्मवेअरवर येतो. सेलला समांतर मोठा, कमी गळतीचा कपॅसिटर लावला की प्रश्न मिटतो.

एसएफ७ ते ९, १४ डीबीएम, छोटी पॅकेटं एवढंच काम असेल तर टीसीएक्सओचे जादा पैसे घालू नका. एसएफ११-१२, २२ डीबीएम किंवा ६२.५ किलोहर्ट्झ असेल तर घासाघीस न करता तेच घ्या. माल हातात आल्यावर तपासा, कारण धातूच्या टोपीवरून दोन्ही सारखेच दिसतात. डीआयओ३ची कमांड न देता चिप स्टँडबाय-एक्सओएससीमध्ये घाला आणि हेक्स १७ ने चुका वाचा. बिट ५ (ऑसिलेटर सुरू न झाल्याची खूण) चढला तर आत डीआयओ३वर चालणारा टीसीएक्सओ आहे. चढला नाही तर बहुधा साधा क्रिस्टल. काही मॉड्यूलांत टीसीएक्सओला थेट पुरवठ्यावरून वीज दिलेली असते, तिथे ही चाचणी फसते. मग सलग कॅरिअर सोडून ड्रायरची गरम हवा मारा: फ्रिक्वेन्सी काही किलोहर्ट्झ पळाली तर तो टीसीएक्सओ नव्हे.