स्वस्तातली रॉट्रिंग ६०० पेन्सिल घेतली आणि तीन आठवडे स्वतःच्याच हाताला शिव्या घातल्या

लिंब गावच्या बारा मोटेच्या विहिरीचं स्केच करायचं लय दिवस डोक्यात होतं. साताऱ्यातून रविवारी सकाळी गाडी काढली की अर्ध्या तासात पोचतो, पण तिथल्या पायऱ्या, कमानी, दगडांचे सांधे साध्या पेन्सिलीनं काढायचे म्हणजे दर दोन मिनिटांनी शार्पनर. म्हणून ०.५ मिमीची रॉट्रिंग ६००, म्हणजे क्लिक केलं की बारीक लेड (आतली काडी) बाहेर येणारी पेन्सिल, घ्यायची ठरवली, कारण मित्राकडे त्याच्या वडिलांची ड्राफ्टिंगच्या काळातली आहे आणि ती एकदा हातात घेतली की बाकीच्या खेळण्यातल्या वाटतात.

खरी किंमत बघून गप बसलो होतो. मग मोबाईलवर एक पेज दिसलं, ओरिजिनल, सरप्लस स्टॉक, फक्त १,१५०, कॅश ऑन डिलिव्हरी नाही, आधी यूपीआय. तिथंच थांबायला पाहिजे होतं पण मी तेव्हा मनानं विहिरीच्या पायऱ्यांवर बसलेलो.

पार्सल आलं, डबी झकास, लाल रिंग पण होती. (रॉट्रिंग म्हणजे जर्मनमध्ये लाल रिंगच.) पण काढायला बसलो की जरा दाब दिला की लेड आत सरकायचं, क्लिक करा, परत दोन रेघा, परत आत. मला वाटलं माझाच हात जड झालाय. एचबी लेड बदलून जरा मऊ २बी टाकलं, पेन्सिल जरा मागं धरायची प्रॅक्टिस केली, कमानीची एकच गोलाई अकरा वेळा खोडली, कागद अक्षरशः फुलून आला. बायको म्हणाली, अहो सोडा आता, तब्येतीला बरं नाही हे.

शेवटी मित्राची आणि माझी शेजारी ठेवली. त्याच्या पकडीवरची नक्षी बोटाला कानशीसारखी लागते, माझी गुळगुळीत. त्याच्यात वरती लेडची ग्रेड दाखवायची रिंग फिरते, माझ्यात नुसतं छापलेलं. माझ्या अंगावरची अक्षरं तर अंगठ्याच्या घामानं निम्मी गेलेली. तरी मन मानेना म्हणून मोती चौकातल्या ओळखीच्या सराफकाकांकडे गेलो, सोन्याच्या काट्यावर दोन्ही ठेवल्या. त्याची २२ ग्रॅमच्या वर, माझी १३. खरीचं अंग पितळेचं असतंय, वजन तिथनं येतंय. काकांनी माझीला जरा घासून बघितली, आत पांढरं. म्हणाले, "पितळ नाही रे बाबा हे, ॲल्युमिनियम दिसतंय." गिऱ्हाईक हसायला लागलं.

विकणाऱ्याला फोटो पाठवले तर उत्तर काय, "भाई ये लाइट एडिशन है". असली एडिशन मी तरी कुठं बघितली नाही. मग ब्लॉक. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनला फोन करून तक्रार नोंदवली, यूपीआयचा ट्रान्झॅक्शन नंबर आणि चॅटचे स्क्रीनशॉट दिले, पैसे अजून नाहीत. मी तीन आठवडे हाताला दोष देण्यात घालवले, तुम्ही तसं करू नका, फोन लगेच करा. आणि घेणार असाल तर आधी काट्यावरचा फोटो मागा, खरं विकणारा दोन मिनिटात पाठवतो.

ती पेन्सिल आता काकांच्या गल्ल्यावर असते, चिठ्ठ्या लिहायला. परवा विचारत होते, "हिचं लेड सारखं आत का जातंय रे?"