जुन्या चर्चवर सौर पॅनल: स्वतःचे घ्यायचे की छप्पर भाड्याने द्यायचे?

इंग्लंडमधल्या संरक्षित (म्हणजे वारसा म्हणून 'लिस्टेड') पॅरिश चर्चवर सौर पॅनल बसवायचे ठरले की पीसीसीपुढे, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या स्थानिक समितीपुढे, दोन वाटा असतात. लोकवर्गणी आणि अनुदान जमवून पॅनल स्वतःचे घ्यायचे, किंवा सामुदायिक ऊर्जा संस्थेला छप्पर भाडेपट्ट्याने द्यायचे. दुसऱ्या वाटेत संस्था शेअर विकून पैसा उभा करते आणि चर्च तिच्याकडून ग्रिडपेक्षा स्वस्त वीज घेते, साधारण २० ते २५ वर्षे. वेगळ्या आवारात साधा, असंरक्षित हॉल असेल तर आधी त्याच्या छपराकडे बघा. निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

परवानग्यांचा मोठा भाग दोन्हीकडे सारखाच. धर्मप्रांताच्या सल्लागार समितीशी, म्हणजे डीएसीशी, सुरुवातीलाच बोलणे. मग ऑनलाइन अर्ज, इमारतीचे महत्त्व आणि कामाची गरज सांगणारी दोन निवेदने, हिस्टॉरिक इंग्लंडसारख्या वारसा संस्थांचे मत, २८ दिवसांची जाहीर सूचना, आणि शेवटी चान्सलरकडून, म्हणजे धर्मप्रांताच्या न्यायाधीशाकडून, फॅकल्टी, म्हणजे चर्चची लेखी परवानगी. 'चर्चला लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट (संरक्षित इमारतीत बदल करण्याची सरकारी संमती) लागत नाही' एवढ्यावर विसंबणारे इथे फसतात. ती सूट नियोजन परवानगीला लागू नाही, आणि पॅनलना एरवी मिळणारी सरसकट मुभा संरक्षित इमारतीला मिळत नाही. म्हणून नियोजन परवानगीचा अर्ज स्थानिक कौन्सिलकडे सोबतच घालावा. चान्सलर 'डफील्ड' या चर्च-न्यायालयाच्या निकालातले प्रश्न लावून इमारतीची हानी आणि लोकांचा लाभ तोलतात. १ जुलै २०२२पासून नेट झिरोचा (निव्वळ शून्य कार्बन उत्सर्जनाच्या ध्येयाचा) विचार फॅकल्टीच्या नियमांतच आल्याने लाभाचे पारडे थोडे जड झाले आहे, पण पॅनल रस्त्यावरून दिसतात का हा प्रश्न सुटत नाही. ग्लॉस्टर कॅथीड्रलच्या नेव्हच्या (मुख्य दालनाच्या) छपरावर २०१६मध्ये १५० पॅनल बसले, ते कठड्याआड असल्याने खालून दिसत नाहीत. कॅथीड्रलची परवानगीची यंत्रणा वेगळी, पण धडा तोच: कठडा असेल तर अर्ज हलका होतो.

भाडेपट्ट्यात एक जादा पायरी आहे. पवित्रीकरण झालेल्या चर्चचा कुठलाही भाग पट्ट्याने द्यायला फॅकल्टी लागते, आणि पट्टा देणारे म्हणून त्यावर धर्मगुरूंचे नाव असते. धर्मगुरूंचे पद रिकामे असेल तर वकिलांच्या फेऱ्या आणखी लांबतात.

पैशाचे गणित बहुतेकांना वाटते तसे नाही. फीड-इन टॅरिफ, म्हणजे तयार केलेल्या विजेला ठरलेला दर देणारी सरकारी योजना, नव्या अर्जांना २०१९मध्ये बंद झाली. आता ग्रिडला दिलेल्या विजेला स्मार्ट एक्सपोर्ट गॅरंटी या योजनेखाली वीज कंपनी ठरवेल तो दर मिळतो. पॅनल उन्हाळ्यातल्या दुपारी सर्वाधिक चालतात, तर बऱ्याच चर्चना वीज लागते हिवाळ्यात आणि रविवारी सकाळी. दक्षिण इंग्लंडमध्ये १० किलोवॅटचा संच, म्हणजे ४२० वॅटची २४ पॅनल, वर्षाला साधारण ९,००० युनिट देईल, पण चर्च आठवडाभर बंद असेल तर बरीचशी बाहेरच जातील. संस्थेचे उत्पन्न चर्चने वापरलेल्या विजेवर उभे असल्याने अशा चर्चमध्ये तिला फारसा रस नसतो. तळमजल्यावर पाळणाघर, कॅफे किंवा रोजचे कार्यालय असेल तरच तिचा प्रस्ताव खरा आकर्षक ठरतो.

मालकीची जुनी अडचण व्हॅटची होती, कारण पीसीसीला तो सहसा परत मिळत नाही. फेब्रुवारी २०२४पासून धर्मादाय वापराच्या इमारतींवर सौर पॅनल बसवण्याला शून्य दर आहे आणि तो ३१ मार्च २०२७पर्यंत चालेल. अनुदानाला मात्र क्रम पाळावा लागतो. बहुतेक निधी सुरू झालेल्या कामाला पैसे देत नाहीत आणि अनेकांना फॅकल्टी आधी हवी असते. परांची बांधून मग अर्ज करणारे हात चोळत बसतात.

आता ज्या एका कटकटीमुळे माझा कौल फिरला ती सांगतो: शिशाचे छप्पर. शिसे उन्हाने पसरते, थंडीत आकसते. पॅनलचा सांगाडा त्याला करकचून बांधला तर पत्रा हलू शकत नाही, काही वर्षांत चिरतो आणि पाणी खालच्या लाकडात मुरते. म्हणून सांगाडा शिशाला मोकळे ठेवणारा हवा, आणि वजन व वाऱ्याची उचल स्ट्रक्चरल इंजिनिअरने तपासलेली हवी. तरीही दर पाच वर्षांच्या पाहणीत आर्किटेक्ट कधीतरी 'हा भाग उचला' म्हणणारच. चोरटे शिसे सोलून नेतात ते वेगळेच. त्या दिवशी पॅनल कोणी काढायची, परांचीचा खर्च कोणाचा, आणि बंद काळातल्या विजेची भरपाई कोण देणार? मालकी असेल तर पॅनल उतरवली, काम केले, परत चढवली. पट्ट्यात या तिन्हींचे उत्तर बहुधा 'चर्च' असते. आधी फुकट वाटलेले पॅनल ऐन छतदुरुस्तीत महाग पडते.

हे प्रत्येक ठिकाणी लागू पडेलच असे नाही. छप्पर नुकतेच नव्याने घातले असेल, चर्च रोज उघडे असेल आणि हातात पैसा नसेल, तर पट्टा वाईट नाही. एरवी माझा कल मालकीकडे, वर्ष-दीड वर्ष जास्त गेले तरी. पैसा कमी पडला तर संच लहान घ्यावा. प्रति फेज ३.६८ किलोवॅटपर्यंतच्या इन्व्हर्टरला जी९८ या ग्रिड-जोडणीच्या नियमाखाली वीजजाळ्याच्या कंपनीला फक्त नंतर कळवावे लागते. त्यापुढे जी९९ या नियमाखाली तिची पूर्वपरवानगी लागते आणि गावाची तार अशक्त असेल तर ती अडते.

पट्टाच करायचा ठरला तर सही करण्याआधी करारात तीन कलमे घालून घ्या: छतदुरुस्तीसाठी पॅनल एकदा संस्थेच्या खर्चाने काढणे, त्या काळातल्या विजेची भरपाई न मागणे, आणि मुदत संपल्यावर पॅनल चर्चला देणे किंवा छप्पर पूर्ववत करून देणे. पहिल्या कलमावर संस्था कुरकुरू लागली, तर छपराच्या वयाचा प्रश्न तिलाही कळलेला आहे असे समजा.