लकवा की बेल्स पाल्सी?

डिसेंबरातली सकाळ, नागपुरातलं धरमपेठ. बाजूच्या काकूंचं तोंड वाकडं झालं, चहा ओठाच्या कोपऱ्यातून गळायला लागला. घरात एकच ओरड: लकवा! या शब्दात मेंदूचा झटका अन् चेहऱ्याच्या नसेची सूज, दोन्ही एकाच पोत्यात. 'बेल्स पाल्सी' म्हणजे फक्त नसेचं दुखणं. १८२१ मध्ये त्या नसांवर लिहिणाऱ्या स्कॉटिश शल्यविशारद चार्ल्स बेल यांचं ते नाव. गंमत पाहा, बेल्समध्ये त्या बाजूच्या कपाळालाही आठी पडत नाही. मेंदूच्या झटक्यात मात्र सहसा पडते. म्हणजे जास्त चेहरा लुळा, तोच बहुधा कमी धोक्याचा! निवाडा अर्थात डॉक्टरांचा, तोही लगेच. नेमकेपणात बेलच सरस. पण 'लकवा' म्हटल्यावर ऑटोवाला मेडिकलकडे, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याकडे, जसा सुसाट सुटतो, तसा बेलच्या नावावर सुटणार नाही.