सेव्हिलचं 'एल रिन्कोन्सियो': काउंटरला उभं राहूनच खा

स्पेनमधल्या सेव्हिल शहराच्या जुन्या भागात, सान्ता कातालिना चर्चजवळ १६७० सालापासून चालू असलेलं हे खाण्यापिण्याचं ठिकाण. आत बसायला टेबलं आहेत, पण पहिल्या खेपेला काउंटरच गाठावा. तिथे छोट्या बशीतले तापास मागवता येतात. टेबलावर बसलं की मोठ्या प्लेटी येतात आणि दोन-तीन पदार्थांतच पोट भरतं. दुपारी दीडच्या आत पोहोचा. दोननंतर सगळं गाव जेवायला बाहेर पडतं.

वेटर हिशेब खडूने समोरच्या लाकडावरच लिहितो. नवा पदार्थ आला की आकडा वाढतो, शेवटी बेरीज होते आणि पैसे दिले की फडक्याने सगळं पुसलं जातं. त्यामुळे कोपर जपून टेका.

सगळ्यात आधी मागवायचं ते पालक-काबुली चणे, 'एस्पिनाकास कॉन गार्बान्झोस'. सेव्हिलच्या पद्धतीत पाव आणि लसूण ऑलिव्ह तेलात तळून जिरं नि व्हिनेगरबरोबर खलबत्त्यात कुटतात. भाजीला दाटपणा येतो तो या वाटणानेच. पालक नीट पिळला नसेल तर बशीच्या कडेला हिरवं पाणी सुटतं, आणि लाल मिरचीपूड तेलात जरा जास्त राहिली तरी सगळी भाजी कडवट होते. इथली भाजी घट्ट, कडेला लालसर तेल आणि जिऱ्याचा स्पष्ट वास. आपल्या जिभेला ती पहिल्याच घासाला पटते. तिखट मात्र अजिबात नाही.

मासे खात असाल तर पुढे 'पाव्हिया दे बाकालाओ', म्हणजे पिठात बुडवून तळलेला खारवलेला कॉड. हा मासा पाणी बदलत बदलत दिवस-दीड दिवस भिजवावा लागतो. त्यात घाई झाली तर तोंड खारट होतं. आल्या आल्या खा, गार झाला की आवरण मऊ पडतं.

वर टांगलेल्या डुकराच्या मांड्या म्हणजे हामोन, मीठ लावून मुरवलेलं हॅम. काप इतके पातळ हवेत की चरबी बोटांच्या उबेने चकाकू लागावी. त्यातले पांढरे ठिपके बुरशी नसून मुरताना तयार झालेले टायरोसिन या अमिनो आम्लाचे कण असतात, बिनधास्त खा. सोबत थंडगार फिनो शेरी ही वाइन घ्या: कोरडी (म्हणजे गोड नसलेली), साधारण १५ टक्के अल्कोहोलची. उघडलेली बाटली काही दिवसांतच उतरते, पण इतक्या गर्दीच्या ठिकाणी ती तेवढी टिकतच नाही. सांग्रिया, म्हणजे फळं घातलेली वाइन, इथे मागवू नका.

शाकाहारी मंडळींनी क्रोकेट या तळलेल्या गोळ्यांपासून सावध राहावं, त्यात बहुधा हॅम असतं. साल्मोरेखो हे टोमॅटोचं गार सूप चांगलं, पण त्यावर हॅम आणि उकडलेलं अंडं भुरभुरतात. ऑर्डर देतानाच 'सिन हामोन, सिन उएव्हो' म्हणा. आणि ग्रानादा या स्पेनमधल्याच दुसऱ्या शहरात पेयाबरोबर काहीतरी खायला फुकट येतं, तसं सेव्हिलमध्ये धरून चालू नका.